सुनेसाठी गुच्छ

सुनेला बी.ए.ची पदवी मिळाली म्हणून गुलाबराव ब्राह्मणपाऱ्यातल्या फुलांच्या दुकानात गुच्छ घ्यायला आले. रेल्वेच्या मालगोदामात चौतीस वर्षं पोती तपासलेला माणूस. एकेक फूल देठापासून उलटंपालटं करून पाहू लागला.

"गुलाब दे दूँ, काका?" दुकानातल्या सोनियानं विचारलं. पोरगी घरची मराठीच, पण हिंदी मुलखात वाढलेली; बोलायची हिंदीतच.

"गुलाब नको. माझंच नाव मिरवून राहिलो, असं वाटन तिले."

"तो भाभी को कौन सा फूल पसंद है?"

सासऱ्याच्या चहात साखर किती, हे अपर्णाला बारा वर्षांपासून पाठ होतं. तिला फूल कोणतं आवडतं, हे मात्र सासऱ्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"सगळ्यातलं एकेक टाक," गुलाबराव म्हणाले. "एखादं तरी आवडन."

सोनियानं गुच्छ बांधला, वर कार्ड लावलं आणि त्यावर लिहिलं, 'शिक्षा पूर्ण होने की बधाई.'

गुलाबरावांनी चष्मा चढवून ते वाचलं. "पोरी, हे हिंदीत ठीक आहे. आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे सजा."

"अरे, सॉरी काका. 'पढ़ाई' लिख देती हूँ," म्हणत तिनं दुसरं कार्ड काढलं.

गुलाबराव पहिलंच कार्ड हातात धरून उभे राहिले.

"राहू दे हेच. लग्न झाल्यावर तिचं कॉलेज मीच बंद केलं होतं. तिले मराठीतच वाचू दे."