चार बोटांवर बसरा

तोंड नसलेलं मडकं गोजराबाईनं आयुष्यात पहिल्यांदाच घडवलं होतं. वर दोरीपुरतं भोक, बाकी सगळं गरगरीत बंद. भट्टीतून निघालं तेव्हा कुंभारवाड्यातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. आता ते घागरीएवढं मडकं नजीरभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या मांडीवर होतं, आणि त्याला पृथ्वी म्हणायचं होतं.

नजीरभाईंचा नाशकातल्या भद्रकालीत फोटोचा स्टुडिओ. हातानं फिरवायचा एक जुना कॅमेरा मिळाल्यापासून त्यांच्या डोक्यात दहा मिनिटांच्या सिनेमाचं वेड शिरलं होतं. दोन माणसं चंद्रावर जातात आणि तिथून पृथ्वी बघतात, एवढीच गोष्ट. चंद्र कालच तयार झाला होता. टेबलावर चाळलेली राख पसरून गोजराबाईनं त्यात लहानमोठ्या बोळक्यांची तोंडं दाबली, की झाले खड्डे. तांबटाकडून आणलेलं वीतभर पितळी यान त्या राखेत नाक खुपसून उभं होतं. राख उडू नये म्हणून शेडमध्ये सगळेच हळू बोलत. दुपारची वेळ होती, पण सगळीकडे काळे पडदे सोडल्यामुळे आत पहाटेसारखं वाटत होतं.

शाळेचा नकाशा समोर धरून नजीरभाईंनी मडक्यावर खडूनं देश आखून दिले. जमिनीला गेरू, पाण्याला नीळ. गोजराबाई रंगवत होती.

"नाशिक कुठं आलं यात?"

नजीरभाईंनी काडेपेटीतली काडी टेकवली. "हे इथं."

"आन् शिन्नर?"

"तेही इथंच. काडीखाली."

"माझं माहेर आन् सासर एकाच काडीखाली?" ती हसली. "आन् मला चालत दिवस जातो की हो!"

मग तिनं ब्रश वाटीत ठेवला. ती म्हणाली, "बसरा दावा."

नजीरभाईंनी वर पाहिलं. सोळा साली जर्मनच्या लढाईत देवळाली कॅम्पातून पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला खेचरं हाकायला गेलेला तिचा नवरा त्यांना ऐकून माहीत होता. सरकारी कागदात 'सापडत नाही' असं आलं होतं. मेला असं आलं नव्हतं. म्हणून अठरा वर्षं गोजराबाईच्या कपाळावर कुंकू होतं, आणि अठरा वर्षं लोक त्यावरून बोलत होते.

त्यांनी काडी पश्चिमेला सरकवली आणि टेकवली.

गोजराबाईनं नाशकावर करंगळी ठेवली. शेजारी एकेक करून बाकीची बोटं लावली. अंगठ्याजवळच्या बोटाची कड बसऱ्याला भिडली.

"चारच बोटं," ती म्हणाली. "मला वाटायचं, जगाच्या भाईर हाय."

नजीरभाई पत्र्यातल्या भोकावरचं झाकण सरकवायला बाहेर गेले. तिथून उन्हाचा झोत आत येणार होता आणि त्यांची बायको मेहरुन्निसा तो आरशावर घेऊन पृथ्वीवर पाडणार होती. वीज नव्हती, म्हणून खराच सूर्य.

ते परत आले तेव्हा पृथ्वी रंगवून झाली होती. त्यांनी वाकून पाहिलं. नाशकाच्या बाजूच्या किनाऱ्यापासून थेट बसऱ्यापर्यंत निळीवरून गेरूचा बोटभर पट्टा गेला होता.

"गोजराबाई, इथं समुद्र आहे."

"व्हता," ती म्हणाली.

"अहो, पण—"

"खेचरं पाण्यात उतरत न्हाईत, भाई. आडून बसत्यात. किती मारलं तरी."

नजीरभाई फोटोवाले. कॅमेऱ्यात गेरू काळा येतो आणि नीळ पांढरी, हे त्यांना ठाऊक होतं. पांढऱ्या समुद्रात तो काळा पट्टा पडद्यावर ठसठशीत दिसणार होता. मुंबईला सिनेमा दाखवला तर शाळेतलं पोरसुद्धा हसलं असतं. त्यांनी निळीची वाटी उचलली, ब्रश बुडवला.

"रहने दो जी," आरसा घेऊन उभी असलेली मेहरुन्निसा म्हणाली.

ब्रशवरून निळीचा एक थेंब नजीरभाईंच्या चपलेवर पडला. मग त्यांनी वाटी खाली ठेवली.

मडकं बांबूला टांगलं. गोजराबाई काळ्या पडद्याआड स्टुलावर चढली आणि दोरी बोटांत धरून सावकाश पिळू लागली. मेहरुन्निसानं आरसा फिरवला. ऊन पृथ्वीवर पडलं, आणि राखेच्या डोंगरांवर ती खरोखरच उगवली. शेडमध्ये तिघांपैकी कुणाला श्वास मोठ्यानं घ्यावासा वाटेना. कॅमेऱ्याचा दांडा कुरकुरत फिरू लागला.

अंधारातून आधी आफ्रिका आली. नाशिक अजून सावलीत होतं. मग बसरा उजेडात आला, आणि त्याच्यामागून तो गेरूचा पट्टा, हळूहळू, जणू कुणी तो अंथरत चाललं होतं.

"गोजराबाई, रीळ थोडंच उरलंय," नजीरभाई दबक्या आवाजात म्हणाले. "जरा जोरात फिरवा."

उलट पृथ्वी आणखीच मंद फिरू लागली.

"जोरात नगं, भाई," पडद्याआडून आवाज आला. "वाटंवर माणूस हाय."

कॅमेऱ्याच्या पेटीत खट् असा आवाज झाला. रीळ संपलं होतं. मेहरुन्निसानं नवऱ्याकडे पाहिलं.

नजीरभाई दांडा फिरवतच राहिले.