पदराआडचे हात

चिकलठाण्याच्या शिवणाच्या कारखान्यात द्वारका नवीनच लागली होती. एकदा भर दुपारी वीज गेली. सगळ्या बाया डबे घेऊन बाहेर गेल्या; म्हाताऱ्या पुतळाबाई मात्र जागेवरच राहिल्या.

पाण्याची बाटली न्यायला द्वारका परत आली आणि दारातच थबकली. पुतळाबाईंच्या बोटांतूनच दोरा निघत होता. पदराआडून कोळ्याच्या पायांसारखे बारीक, काळे सहा हात बाहेर येऊन झरझर टाके घालत होते.

द्वारका पळाली नाही. आनंदानं तिच्या अंगावर काटा आला.

"मावशी, मलाबी शिकवा की!"

पुतळाबाई हसल्या. "शिकवायचं काय त्यात? आईनं सांगितलं नाय व्हय तुला?"

त्यांनी द्वारकाच्या बरगडीवर हलकेच बोट टेकवलं.

आतून, त्याच जागी, दुसरं एक बोट टेकलं.