जिवात जीव येईपर्यंत

घटस्फोट होऊन घरी परतलेल्या लेकीला हवापालट म्हणून बाबा बेटावर घेऊन आले होते. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांनी गळाला बांधलेली दोरा-पिसांची खोटी कोळंबी फेकली आणि मासा लागला. गळ काढला, तरी मासा त्यांनी पाण्यातच दोन्ही हातांत अलगद धरून ठेवला.

"बाबा, सोडायचाय ना? मग सोड की!"

"झुंजून दमलाय गं तो. आत्ता सोडला तर उलटा होऊन मरेल. जिवात जीव येईपर्यंत धरायचा."

"आणि जीव आला हे कळणार कसं?"

"तोच शेपटीचा झटका देतो."

मासा सुळकन निसटला. लेक त्या दिशेला बघत राहिली.

"बाबा, मी घर बघितलंय. भाड्याचं. एकटीपुरतं."

"शाब्बास!" बाबा हसून म्हणाले. रिकामे हात मात्र त्यांना पाण्यातून काढवेनात.