देवानं बोलावलं होतं

त्या वाक्यापाशी अल्विन प्रूइट पुन्हा अडला. 'मग देवानं मला दुसऱ्या सेवेसाठी बोलावलं,' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघेना.

चर्चच्या तळघरात पोरांच्या रविवारच्या शाळेची खोली रिकामी करून दिवे लावले होते. 'सातपट आग' या बँडचा इतिहास पडद्यावर येणार होता. तिघांपैकी ड्रम बडवणारा वेस वारला, तेव्हा उरलेले दोघे जिवंत आहेत तोवर उरकून घ्या, असं त्यांच्या कॅसेटी काढणाऱ्या कंपनीला वाटलं. क्लिंट गोरा. तो गायचा आणि गिटार वाजवायचा. अल्विन काळा. तो रॅप करायचा. एके काळी टेनेसीपासून टेक्ससपर्यंत चर्चची पोरं घसा फाटेस्तोवर त्यांची गाणी म्हणायची. काळ्या माणसाचा रॅप गोऱ्या आयांना चालायचा, कारण तो येशूवर होता.

अल्विन इथं आला होता तो एका नावासाठी. मार्कीज टाटम. अलाबामातल्या एका गावात पेट्रोल पंपावर पोलिसानं गोळी घातलेलं सतरा वर्षांचं पोरगं. त्याच आठवड्यात त्याच गावात बँडचा कार्यक्रम होता. दोन गाण्यांच्या मध्ये अल्विननं ते नाव घेतलं आणि त्याच्या आईसाठी प्रार्थना करा म्हणाला. बस. चर्चमागून चर्चनं कार्यक्रम रद्द केले, दुकानांनी कॅसेटी परत पाठवल्या, आणि अल्विन बँडमधून गेला. मासिकांत छापून आलं की त्याला देवानं दुसऱ्या सेवेसाठी बोलावलं.

ती आई, मिस ओडेसा, आता अल्विन पाळक आहे त्या छोट्या चर्चमध्ये येऊन बसते. तो इकडे यायला निघाला तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "तुमची गाणी खुशाल वाजवा. माझ्या पोराचं नाव एकदा येऊ दे."

त्यानं ते नाव कॅमेऱ्यासमोर दोनदा घेतलं होतं. एकदा दिग्दर्शिका मेरीबेथ गोड आवाजात म्हणाली, वरून विमान गेलं, पुन्हा घेऊ. दुसऱ्यांदा म्हणाली, दिवा फडफडला. मग खरं काय ते बोलली. पिक्चर चर्चमध्ये दाखवायचाय, तिथं लेकरं असतात, आणि त्या पोलिसाचं कुटुंबही कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये जात असेलच की.

क्लिंट शेजारच्या खुर्चीवर गोड चहाचा ग्लास मांडीवर धरून बसला होता. तो हसून म्हणाला, "तू लई तापट होतास तेव्हा. तुलाही ठाऊक आहे. कशाला उकरायचं आता?"

"मी तापलो नव्हतो. मी प्रार्थना करा म्हणालो होतो," अल्विन म्हणाला. "आणि मला देवानं नाही बोलावलं, क्लिंट. तू बसमधून उतरवलंस."

क्लिंटनं ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हात पसरले. "चला, आधी प्रार्थना करू."

या लोकांत वाद असाच मिटवतात. हात धरायचे, डोळे मिटायचे, आणि जे माणसाला तोंडावर म्हणता येत नाही ते देवाला सांगायचं. प्रार्थना मध्येच तोडता येत नाही. क्लिंट म्हणाला, प्रभू, आमच्या भावाच्या मनातला कडूपणा काढून टाक, सैतान त्याला जुन्या जखमा दाखवतोय. सगळे हो प्रभू, हो प्रभू करत राहिले. अल्विनचा हात त्यानं घट्ट दाबून धरला होता.

अल्विन पाळकाचा पोरगा. मंडळीतली निम्मी भांडणं बापानं अशीच गाडलेली त्यानं पाहिली होती. त्यालाही तो डाव येत होता. मला आता कुणी मध्येच थांबवू शकत नाही, आणि कॅमेरा समोरच आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्याची पाळी आली आणि त्यानं सगळं देवाला सांगितलं. पोराचं नाव घेतलं, पंपाचं घेतलं, गावाचं घेतलं. गोळी पाठीत होती हे सांगितलं. बस पावसात उभी करून त्याची बॅग रस्त्यावर ठेवली तेव्हा वेस रडत होता आणि क्लिंट काचेतून दुसरीकडे बघत होता, तेही सांगितलं. मिस ओडेसा अजून दोन ताटं वाढते हे सांगताना त्याचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत तो कुणासमोर एवढा रडला नव्हता.

"आमेन," सगळे म्हणाले. मोठ्यानं, मनापासून.

अल्विननं डोळे उघडले. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे होतं. भिंगावर टोपण होतं.

"प्रार्थना आम्ही कधी कॅमेऱ्यात घेत नाही, ब्रदर," कॅमेरावाला अदबीनं म्हणाला. "बरं दिसत नाही ते."

बरं दिसत नाहीच. अल्विनच्या चर्चमध्ये कुणी प्रार्थनेत मोबाइल वर केला तर तो स्वतः त्याला झापायचा.

क्लिंटनं त्याला मिठी मारली. त्याचेही डोळे ओले होते, आणि ते खरे ओले होते, हे सगळ्यात वाईट. "आता ते देवाच्या हातात दिलंस," तो म्हणाला. "मोकळा झालास. आता ते वाक्य घेऊन टाकू."

अल्विन खुर्चीवर बसला आणि त्यानं ओठ मिटून घेतले. मेरीबेथनं वाक्य वाचून दाखवलं. तो बोलला नाही. तिनं थांबून पुन्हा वाचलं. तो समोर बघत राहिला. नाव नाही तर काहीच नाही. मेकअपवाली त्याचे गाल टिपायला रुमाल घेऊन पुढे आली, तशी मेरीबेथनं तिला हातानं मागं सारलं.

"पुसू नकोस," ती तिला म्हणाली. मग कॅमेरावाल्याकडे वळून हळूच म्हणाली, "चेहरा जवळून घे. तो नाही बोलला तरी चालेल, मागं बँडचं गाणं टाकू."

लाल दिवा लागला.