रुमालाखालचा सौदा

नाव पुकारलं गेलं तरी मदनलालशेठ बाकावरून उठले नाहीत. "तू आणि प्रियल जा आत," ते सुनेकडे बघत बायकोला म्हणाले. "मी इथंच बसतो."

दोंडाईच्याच्या बाजारात आख्खा दिवस मिरचीच्या ढिगांमध्ये उभं राहून बोली लावणारा माणूस धुळ्याच्या दवाखान्यात ऐन वेळी असा बसकण मारेल, असं धनकुंवरबाईंना वाटलं नव्हतं. शेठनी डोळ्यांनीच समोरचा बाक दाखवला. तिथं तोताराम बसला होता. बाजारात शेजारचाच गाळा त्याचा. बायकोचे गुडघे दाखवायला आला होता, पण कान सगळे इकडेच. याला एक शब्द कळला की संध्याकाळपर्यंत हमालांच्या तोंडी झालाच म्हणून समजा. शेठनी कारण तोतारामचं दिलं खरं, पण आत जायला त्यांना भीतीच वाटत होती.

"बाहेर आलीस की बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "रुमालाखाली सांग. नुसती किरणं असतील तर एक बोट. इंजेक्शनंही असतील तर दोन."

शेठच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन वर्षं लोटली होती. आता रक्तातला आकडा पुन्हा चढू लागला आणि दुखणं परतलं हे नक्की झालं. किरणं घ्यायची, यावर घरात दुमत नव्हतं. भांडण होतं ते हार्मोनच्या इंजेक्शनांवरून. त्यांमुळे अंगातून वाफा निघतात, हातापायांतलं बळ जातं, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणजे यंदाचा हंगाम गादीवर लोळत काढायचा, आणि शेठना ते मरणाहून वाईट वाटत होतं. धनकुंवरबाईंचं म्हणणं साधं होतं, जे जे आहे ते सगळं द्या. जेवायला बसलेल्याच्या ताटातही त्या नको नको म्हणताना वाढतच असत.

मधला रस्ता डॉक्टरांनी काढला. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला होता. त्याच्या जनुकांची तपासणी केली तर दुखणं किती आक्रमक आहे आणि इंजेक्शनांची गरज आहे का, याचा अंदाज येणार होता. एवढासा जुनाट तुकडा काय सांगणार, असं धनकुंवरबाई म्हणाल्या आणि शेठना ते लागलं. मूठभर वानगी बघून गाडीच्या गाडी माल उचलणारा माणूस तो. त्यांनी छाती पुढे काढून तसं सांगितलं, तर बाईंनी लगेच बोदवडच्या मालाची आठवण काढली. त्यात वर लालभडक मिरची आणि पोत्याच्या तळाशी भिजका कचरा निघाला होता. घरात अबोला झाला. शेवटी डॉक्टरांसमोरच ठरलं की ही वानगी बोलेल ते दोघांनीही मानायचं.

दोघी आत गेल्या आणि दार बंद झालं. शेठनी खांद्यावरचा रुमाल मांडीवर पसरला. बाजारात आता उघड बोली असते, पण जुन्या शेतकऱ्यांशी त्यांचा भाव अजून रुमालाखाली बोटं दाबूनच ठरे. भाव जमला की हात लगेच बाहेर काढायचा आणि रुमाल झटकून खांद्यावर टाकायचा, ही रीत. धनकुंवरबाई हे सारं संसारभर दुकानाच्या उंबऱ्यातून बघत आल्या होत्या. त्यांना कुणी शिकवलं मात्र नव्हतं. आता ही चुकली तर, या विचारानं शेठ रुमाल पुन्हा पुन्हा सारखा करत राहिले.

धनकुंवरबाई एकट्याच बाहेर आल्या. पुढच्या तारखा ठरवायला सून आतच थांबली होती. भल्याभल्या व्यापाऱ्यांचे चेहरे वाचणाऱ्या शेठना बायकोचा चेहरा वाचता येईना. त्या शेजारी टेकल्या. रुमालाखाली बांगड्या वाजल्या. तोतारामनं मान लांब केली.

त्यांनी शेठचं पहिलं बोट धरलं.

शेठ दुसऱ्याची वाट बघत राहिले. दुसरं बोट काही धरलं जाईना. ते एकच बोट तेवढं घट्ट, आणखी घट्ट झालं. शेठचे डोळे भरून आले. इतका आनंद त्यांना कुठल्या हंगामानं दिला नव्हता. आणि मग, हाताला लागलेली सवय, भाव ऐकला की खाली ओढायचाच, त्यांनी बोट अर्ध्यात दुमडलं.

धनकुंवरबाईंनी ते खाडकन सरळ केलं.

"किरणं पूर्ण घ्यायची," त्या कानाशी येऊन म्हणाल्या. "त्यात घासाघीस नाही. इंजेक्शनं तरी देऊनच टाका, म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. गरज नाही म्हणाले. तुमची वानगी चांगली निघाली."

"आणि बोदवड?"

"ते मी आता काढणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे निदान आज तरी."

सौदा जमला का, हे विचारल्यावाचून तोतारामला राहवेना. "काय व्हयनं शेठ? जमना का सौदा?"

शेठनी मांडीवरच्या रुमालाकडे पाहिलं. धनकुंवरबाईंचा हात अजून आतच होता.

"नाही रे," ते म्हणाले. "अजून चालूच आहे."