लीलाचं पान
मी मॉरिशसहून बडोद्याला नृत्य शिकायला आले होते. मराठी बोलते म्हणून होस्टेलसमोरच्या सरोजिनीमावशींनी सर्वपित्रीला जेवायला बोलावलं. घरात त्या एकट्याच. मी गेल्या गेल्या त्यांच्या हातून माझ्या कपड्यांवर कढी सांडली, आणि त्यांनी लीलाचा ड्रेस घालायला दिला. लीला त्यांची मुलगी. लंडनला शिकायला गेली आणि तिथेच वारली. ड्रेस मला बेतून शिवल्यासारखा बसला. मग आम्ही गच्चीवर तिचं पान ठेवलं. मावशींनी जिन्याच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. “कावळा शिवेपर्यंत कुणी खाली जायचं नाही.” कठड्यावर कावळे होते, पण एकही पानाकडे येईना. “इथल्यांना मराठी कळत नाही,” म्हणत त्यांनी “आव ने, भाई” अशी गुजरातीत हाकही मारून पाहिली. लीलाला काय काय हवं असेल, ते सगळं कबूल करून झालं. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “तिला हे घर रिकामं नकोय. ‘मी इथेच राहीन’ म्हण.” सुटायचं म्हणून मी तेच म्हणणार होते, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं, “मी घरी जाईन. आईकडे.” तेवढ्यात एक कावळा पानावर उतरला आणि वडा उचलून उडाला. मनगटावरची पकड सैल झाली. मावशींनी कुलूप काढलं आणि माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “जा. पण लीलाचा ड्रेस तेवढा काढून ठेव.”