कोमातली नायिका

सरकारी दवाखाना बंद होऊ नये म्हणून निघालेल्या मोर्चात मालिकेची नायिका सगळ्यांत पुढे दिसली आणि निर्मात्याचा पारा चढला.

“फार घोषणा देतेस ना? आजपासून तू कोमात! महिनाभर तोंडातून एक शब्द निघायचा नाही.”

ती गुपचूप पलंगावर आडवी झाली. नाकात नळी, डोळे मिटलेले. हलायचं नाही, बोलायचं नाही. त्यामुळे महिनाभराच्या भागांचं तिचं शूटिंग एका दुपारीच उरकलं.

नळीची चिकटपट्टी सोडवताना मेकअपवाल्या मावशी हळहळल्या, “वाईट झालं गं पोरी. आता महिनाभर घरी बसणार तू?”

“घरी कुठली? दवाखान्यासमोर बसणार,” ती चपला शोधत म्हणाली. “मावशी, लेखकदादांच्या कानावर घाला. दवाखाना वाचेपर्यंत मला शुद्धीवर आणू नका म्हणावं.”